उतरायला जागा

सावद्यात मे महिना. दुपारी तीनला
खोलीत त्रेचाळीस, प्रोसेसरवर शहाण्णव.
मी केळीच्या व्यापाऱ्यांसाठी थंड खोल्या काढतो,
म्हणजे चित्रं. भिंतीत पफ किती, पंखा कुठं,
घड सोळा अंशांत कसे हळूहळू पिवळे व्हायचे.
पडद्यावर सोळा. टेबलाखाली शहाण्णव.
आणि चित्र पुरं व्हायच्या आतच
मशीन आपली चाल मंद करतं,
घाटात दमलेल्या केळीच्या ट्रकसारखं,
एकेक ठिपका मोजत बसतं.

पाण्याचा सेट बसवला तेव्हा वाटलं होतं,
पाणी म्हटलं की गार.
आपल्याकडं हा समज फार जुना,
नदीचं नाव तापी असूनही.

भुसावळच्या शेडमधून रिटायर झालेले
प्रभाकर बऱ्हाटे आले. चहा नको म्हणाले.
इंजिनांच्या रेडिएटरवर एकतीस वर्षं काढलेला माणूस
माझ्या डब्याला कान लावून बसला.
आत गुळगुळ. खरखर. परत गुळगुळ.
“हवा धरली त्यानं भो.
विहिरीवरची मोटर धरते, तशी.”

हवा उंचावर जाते, हे मला शाळेपासून पाठ.
पण रेडिएटर मी खाली टाकला होता,
पंप वर, दिसायला छान म्हणून.
“तू पंपालेच डोकं केलं,” म्हणाले,
आणि आम्ही तो डबा उलटा बांधला,
मग दोघांनी दोन बाजूंनी धरून
सुपात ज्वारी घोळावी तसा घोळला.
पारदर्शक नळीतून एक बुडबुडा
मुंगीच्या चालीनं वर निघाला,
कोपऱ्याशी अडला,
बऱ्हाट्यांनी टिचकी मारली. गेला.

जाळीतून ब्रशनं काय काय निघालं:
काळी माती, कपाशीचा कापूस,
वाळल्या केळीच्या पानाचा भुगा,
एक अख्खा पतंग, पंखांसकट.
प्रोसेसरवरची पेस्ट कोरडी, खरवडून काढली.
नवी मी सढळ हातानं लावणार होतो,
तर त्यांनी मनगट धरलं.
ज्वारीच्या दाण्याएवढी. बस.

अठ्ठ्याऐंशी.

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीकडं पाहत होते.
“पाणी काही गरमी खात नाही भो,
निसतं उचलून नेतं.
त्याले उतरवाले जागा पायजे ना.
तू तर याच खोलीत भरतो, याच खोलीत ओततो.”

मग उत्तरेच्या खिडकीबाहेर, दोन घरांमधल्या बोळात,
जिथं ऊन कधी खाली उतरत नाही,
लोखंडी अँगलवर रेडिएटर टांगला.
नळ्या दोन हात वाढवल्या, पाणी डिस्टिल्ड भरलं,
पंख्यापुढं जुन्या कूलरची वाळ्याची जाळी,
तिच्यावर ठिबकची एक नळी,
शेतातून उरलेली, थेंब थेंब.
त्र्याहत्तर.
मी ओरडलोच. बऱ्हाटे म्हणाले, आता चहा चालेल.

दुसऱ्या दिवशी बोळातून अत्तरदेकाकू,
हातात लाटणं तसंच:
“तुमचं ऊन माह्या घरात कायले?”
खरंच होतं. माझे शहाण्णव
त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले होते,
भाकरी थापताना पाठीवर.
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.
त्या दिवशी एवढंच केलं,
पत्र्याचं नळकांडं वाकवून तोंड वर केलं,
गच्चीच्या दिशेनं. तिथं सूर्य होताच,
त्याला काय, एक वाटी जास्त.

रात्री गच्चीवर झोपायला गेलो.
काकूंच्या बिबड्या साडीवर पसरलेल्या, अजून ओलसर.
खाली चित्र चालू होतं,
उद्या सकाळी रावेरला द्यायचं,
चार खोल्या, सोळाशे क्रेट.
कठड्यापाशी हात धरला तर
नळकांड्यातून कोमट वारा येत होता,
वाळ्याचा वास असलेला,
माझ्या थंड खोल्यांमधून निघालेला.
बिबड्यांची साडी मी
थोडी त्या बाजूला सरकवली.