पितळी डबा

भांडीबाजारात हसनभाई मणियार
विजेच्या पेनानं नाव टाकायचे.
डबा गुडघ्यांत धरून त्यांनी आईला विचारलं,
"क्या डालना?"
"किरण. आडनाव नको, ते बदलेल."

त्यांनी पेन वर धरलं. म्हणाले, फारसीत किरान म्हणजे
दोन ग्रह एका घरात येतात ती घडी.
त्याच नावाचं नाणंही चालायचं इराणात.
मी नऊ वर्षांची.
मला नाणं आवडलं.

घरच्यांनी नाव एकदाच ठेवलं,
नावं रोज ठेवायची शाळा:
"किरण म्हणे! दिवा लावा, मग दिसेल."
रविवारी मावशी डाळीचं पीठ आणि साय घेऊन बसायची,
नावाची थकबाकी
कातडीतून वसूल करायला.

गावाचं तरी काय!
शूर्पणखेचं नाक गेलं, नाव गावाला चिकटलं.
मध्ये कुणी त्याला गुलशनाबाद केलं.
गुलाब अजून येतात बाजारात,
आबाद तेवढं बाद झालं,
नाक परत आलं.

आता गंगापूर धरणापलीकडच्या वायनरीत
मी द्राक्षरसाची आम्लता मोजते.
परवा आयर्लंडचा एक पाहुणा आला,
तांबूस केसांचा, नाकाची साल आपल्या उन्हानं सोललेली.
कोटावरची पाटी वाचून थबकला.
"माझंही हेच." त्याच्या तोंडात ते कीरन झालं.
"तुमच्यात अर्थ काय?"
मी सांगितलं, उजेडाची रेघ.
तो आपल्या दुधाळ मनगटाकडे पाहत राहिला.
"आमच्यात," म्हणाला, "काळासावळा."

आम्ही इतके हसलो की वाचन चुकलं,
नमुना पुन्हा घ्यावा लागला.
टपालात पाकिटांची अदलाबदल व्हावी
आणि दोन्ही घरांनी ती
न उघडता जपून ठेवावीत, तसं.

रात्री जाडजूड संस्कृत कोश काढला.
उजेडाच्या आधी, सगळ्यात जुना अर्थ:
बारीक धूळ.

डब्यात आता तांदूळ असतात.
आडनावाची जागा अजून कोरी आहे.
आणि आठवलं,
शेवटचा ण कोरून झाल्यावर
हसनभाईंनी डब्यावर फुंकर मारली होती.
पितळेची भुकटी दुकानातल्या उन्हात उडाली,
क्षणभर चमकली,
माझ्या फ्रॉकवर बसली.

आईनं ती झटकली.