डावा कोपरा

अध्यक्ष म्हणाले, फायनल रविवारीच.
रविवारी माणसं मोकळी असतात.

कुठली माणसं, साहेब?
आमचा डावा कोपरा हेमांगी वैती.
सिटीलाइटच्या बाजारात रविवारी
तीन वाजेपर्यंत तिच्यापुढची गर्दी हलत नाही.
मग पाट्या धुवायच्या, बर्फवाल्याचा हिशेब,
मग कुठे गुडघ्याला पट्टी.

सोमवारी निम्मी मुंबई उपाशी.
सुरमईचा भाव विचारायलाही कुणी येत नाही.
हात रिकामे असले,
की तिने धरलेला घोटा
सुटलेला मी तरी पाहिला नाही.

अर्ज दिलाय.
कागदाला वास येतो म्हणून
खिडकीत ठेवलाय म्हणे.

मी आपला चुन्याच्या रेघा मारतोय.
वार कुठलाही ठरो,
डाव्या कोपऱ्यातली माती तेवढी
दोनदा चाळून घेतली.