लायनी फाक

पाचची एसटी गेली. आता थेट सव्वासहाची.
फाट्यावरच्या निंबाखाली बसून
टाचणवही पुन्हा उघडली :
चौथी. गणित. अपूर्णांक.
साहित्य : एक संत्रं.
अभिप्राय : समाधानकारक.
हा शब्द मी तासाच्या आधीच लिहून ठेवला होता,
मधल्या सुट्टीत, पोषण आहाराचं रजिस्टर भरता भरता.

नखांत अजून सालीचा वास आहे.

दहा फाका निघाल्या.
एक छेद दहा, पोरं म्हणाली एका सुरात,
आणि मला तो सूर आवडला,
वरचे पत्रे हलवणारा.
मग मागून ट्विंकल इवनाते उठली :
"मॅडम, फाका त सारक्या नायीत.
हे लायनी कोनाले?"

वर्ग हसला. मीही, थोडी.
म्हटलं, गणितात सारख्याच धरायच्या असतात. बस.
ती बसली.
पण बसताना तिनं ती फाक तळहातावर तोलली,
जशी तिची आई तोलत असेल
वरूडच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये, क्रेट भरताना :
मोठा माल इकडे, चुरी तिकडे,
काटा न लावता.

धरायच्या.
का धरायच्या, ते मी सांगितलंच नाही.
भाग सारखे नसतील तर अपूर्णांक होत नाही,
ही चौकट पुस्तकात आहे, मी घाईत उलटलेल्या पानावर.
पोरीनं ती न वाचता वाचली.
सोळा वर्षं मी संत्रंच नेतेय वर्गात.
आणखी किती जणांना दिसली असेल ती लहान फाक,
आणि तोंडाशी आलेलं गिळून
म्हणाले असतील एक छेद दहा?

'समाधानकारक' खोडलं.
लिहिलं : उद्या संत्रं नको, कागदाच्या घड्या.
तेही खोडलं.
संत्रंच. आधी तिचा प्रश्न. मग घड्या.
समासात, बारीक अक्षरात :
दहा मिनिटं तू बोलू नकोस.
तेवढ्यात गाडी आली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रांगेत जागा रिकामी.
"थे शेडवर गेली, मॅडम. माल लय आला."
वर्ग माझ्या हाताकडे बघत होता.
तिच्याशिवाय घेता आला असता तास,
टाचणात बसला असता.
संत्रं खणात ठेवलं
आणि परिसर अभ्यास काढला.

सोमवारपर्यंत ते थोडं सुकेल,
फाका आणखी लहानमोठ्या होतील.
चालेल.