बटाट्याचा बर्फ

विनिपेगमध्ये जानेवारीत
पहाटे साडेपाचला उणे एकतीस असतं,
नाकातले केसही मोडतील इतके ताठ.
आणि स्टुडिओ दोनच्या खिडकीत जून.

खिडकी म्हणजे चार बाय तीनची चौकट,
मागे प्लायवुड, प्लायवुडवर
ओरेस्ट हाव्रिल्युकने रंगवलेलं पिवळं शेत,
एक लाल कोठार, आणि ढग एकच.
दुसऱ्याला रंग पुरला नाही, म्हणे.

कार्यक्रम लाइव्ह. आठ ते साडेआठ.
माझं काम बोटांचं :
कॅमेऱ्याखाली उकिडवी बसून
पाच, चार, तीन,
मग नुसती मूठ.
मूठ मिटली की डोरीन हसायची
आणि साडेतीन वर्षांचा अख्खा प्रांत
घास तोंडात धरून गप्प व्हायचा.

घर तेच, पण दर सोमवारी थोडं सरकलेलं.
दार निळं होतं, ते हिरवं झालं,
कारण निळ्या दारापुढे निळं बदक दिसेना.
दोन पायऱ्यांचा जिना, वर कुठेच न जाणारा,
डावीकडून उजवीकडे गेला.
जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा राहिल्या,
पिवळ्या, लाल, अर्धवट खरवडलेल्या.
डोरीनचा पाय मात्र
गेलेल्या पायरीसाठी अजून उचलला जायचा.
पोरांना वाटायचं, नाचतेय.

त्या गुरुवारी फोन लागला डॉफिनहून.
लाइल नावाचा मुलगा.
आधी नुसता श्वास, मागून आवाज :
"आमच्याकडे कडीपर्यंत बर्फ आहे.
तुमच्याकडे का नाही?"

लाइव्हमध्ये दोन सेकंद म्हणजे
रेड नदी पायी ओलांडणं, मधेच
बर्फ कडाडल्याचा आवाज ऐकून थबकणं.
डोरीनने बदकाकडे पाहिलं.
बदकाने, म्हणजे बदकात कोपरापर्यंत शिरलेल्या गॉर्डीने,
चोच उघडली आणि तशीच ठेवली.
कानात दिग्दर्शक देवाला हाका मारत होता.
मी पाटीवर लिहिलं, "गाणं?"
आणि बाहीने पुसलं.

तेव्हा खिडकीच्या वरून
काहीतरी पांढरं आलं.
एक कण.
मग चिमूटभर.
मग कुणी ओंजळ उपडी केल्यासारखं.

कँटीनमधलं खोकं होतं ते,
कुस्करलेल्या बटाट्याचा सुका चुरा,
गरम पाणी ओता की जेवण.
ओरेस्ट शिडीवर, आपल्या एकुलत्या ढगाच्या मागे,
अधू गुडघा पायरीला टेकवून
चाळणीने जानेवारी चाळत होता.
कोठारावर काही साठलं नाही,
रंगवलेल्या छपरावर काय साठणार?
चौकटीच्या तळाशी मात्र बोटभर थर.

"आला बघ," डोरीन म्हणाली, "उशीर झाला थोडा."
"हं," लाइल म्हणाला. "मग बदकाला टोपी घाला."
आणि ठेवला फोन.

त्यानंतर ओरेस्ट रोज
गाडी लावताना आधी आभाळ बघायचा,
मग खिडकी रंगवायचा. आठच्या आत.
शेत करडं झालं, पांढरं झालं, मार्चमध्ये चिखल झालं.
एकदा रात्रभर धुकं होतं, तर त्याने
नुसता राखाडी हात फिरवला आणि चहा प्यायला गेला.
वरिष्ठांचं पत्र आलं : रंगाचा खर्च.
दुसरं पत्र : उंदीर.
दिवे तापले की सेटभर वास यायचा
कुणाच्या तरी घरी जेवण होत आल्याचा.

पुढे एक हिरवं कापड आलं,
त्यावर हवा तो ऋतू पाडतात म्हणे.
मला त्या प्लायवुडचा चतकोर तुकडा मिळाला.
गॅरेजच्या दाराला पाचर म्हणून लावलाय.
कडेने पाहिलं तर थर दिसतात,
पिवळा, पांढरा, करडा, परत पांढरा.
मोजायला गेले एकदा,
नवव्यानंतर चष्मा सापडेना.

ओरेस्टला पोचवायला
उत्तरेकडच्या युक्रेनी चर्चमध्ये जमलो होतो आम्ही.
गॉर्डीने शवपेटीला उजवा खांदा दिला,
बदकाचा हात.
डोरीन मागून येत होती, काठी टेकत,
आणि सपाट फरशीवर, मधेच,
तिचा पाय किंचित उचलला गेला.