पायरी

सागरमाळावरच्या प्रयोगशाळेत
आण्णाप्पा हौदात दूध पावडर कालवतो.
"गंगावेशीत धारोष्ण प्यालेला माणूस मी, म्याडम,
आणि हे असलं दूध!"

पांढऱ्या पाण्याखाली बोटभर खोल
एक पायरी, उंदरांना न दिसणारी.
तेवीस नंबर पाच दिवसांत शिकला:
भिंतीवरचा त्रिकोण डाव्या हाताला ठेवायचा,
मग पाय टेकतात.
त्याला औषध, की नुसतं सलाईन,
ते पाकिटात बंद.

सहाव्या दिवशी आम्ही पायरी काढून घेतो.
साठ सेकंद.

विसरलेले कुठंही पोहतात.
तेवीस तिथंच घिरट्या घालतो
जिथं आता काही नाही.
मी लिहिते: स्मृती उत्तम.

आण्णाप्पा त्याला टॉवेलात घेतो.
"आठवणाऱ्यालाच दमवताय की ओ."
मग बूच ओढतो.
पाणी मागं कुठं निघतं
ते मांजराला पाठ आहे.