क्रियापद शेवटी

सीताबर्डीला, झेरॉक्सवाल्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर
रोज पाच तास जर्मन.
रात्रपाळी सुटली की मी डबा तिथेच उघडते.
मे महिना. कूलरच्या ताट्यांना ओल्या खसाचा वास,
आणि भुसारी सर फळ्यावर लिहितात:
बर्फ पडतो आहे.
मग माझ्याकडे वळून, 'फ्राउ हिवाले, लेझन झी.'

ळ त्यांच्याकडे नाही.
बॅगेत तेवीस किलो चालतं,
त्यात तो बसायचा नाही.

सर अंबाझरीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले.
तरुणपणी एका लेथ मशीनसोबत जाडजूड चोपडी आली होती,
ती वाचता यावी म्हणून शिकले.
त्यांच्या जर्मनला अजून ऑइलचा वास येतो.
कुणी घाईत वाचलं की म्हणतात, 'फीड कमी कर.'

डेर, डी, दास.
अल्फिया रडकुंडीला आलेली, तिच्या घरच्या बोलीत लिंगं दोनच.
मी म्हटलं, अगं सोपं आहे,
तो पोट्टा, ती पोट्टी, ते पोट्टं.
पण सूर्य त्यांच्याकडे बाई आहे.
अल्फियाने खिडकीतून बर्डीचा पांढरा पडलेला रस्ता पाहिला.
'ये वाला तो नहीं हो सकता.'
आणि मुलगी, तिकडे, ते.
बाई झाली की मग ती.
यावर कुणी काही बोललं नाही.
मी वहीत लिहून घेतलं.

ऐकण्याची परीक्षा असली की सर कूलर बंद करतात.
आठ जण, शेहेचाळीस डिग्री.
स्पीकरमधली बाई सांगते, कुठल्याशा फलाटावरची गाडी
बारा मिनिटं उशिरा येईल,
आणि त्याबद्दल माफी मागते.
माझ्या कपाळाचा घाम नेमका पर्याय ब वर.
मागून यशपाल, 'बारा मिन्टासाठी कायची माफी मागून राहिली बे?'
सर म्हणाले, 'पुन्हा लावतो.
माफी सोडा. फलाट ऐका.'

परवा वॉर्डात, पहाटे तीनला,
अकरा नंबरच्या बाबांची सलाइन बदलताना
तोंडातून निघून गेलं, 'वो टूट एस वे?'
दिवसभर तेच घोकलं होतं,
कुठे दुखतं, कधीपासून, दाबल्यावर की तसंच.
बाबा तिरोड्याचे. त्यांनी सुईचा हात जपून दुसरा उचलला,
बरगडीखाली ठेवला.
'इथं, बाई.'
मग थोड्या वेळाने, 'कोणत्या गावची होय तू?'
मी म्हटलं, इथलीच, इंदोऱ्याची.
त्यांना ते पटलं नाही.

वाइल म्हणजे कारण.
वाइल आलं की क्रियापद शेवटी जातं, सर म्हणाले,
तेव्हा मला हसूच आलं.
आमचं कुठे दुसरीकडे असतं?
आई फोनवर सांगते, 'तो बँकेवाला, दुपारी,
तू झोपली होती तेव्हा, दोन पोट्टे सोबत घेऊन,'
आणि मी श्वास धरून उभी,
'येऊन गेला.'

कालचा गृहपाठ: मी जर्मन शिकते, कारण.
वाक्य पूर्ण करा.
पुस्तकातलं उत्तर मला येतं,
तिथल्या दवाखान्यात नर्सिंग शिकायचं आहे म्हणून.
बाकीच्या कारणांनाही शब्द पुरले असते,
बी-वनपर्यंत आलेय मी.
पण वही सर तपासणार, आणि सर घरच्यांना ओळखतात.
स्वल्पविराम दिला. वाइल लिहिलं. इश लिहिलं.
मग दीड ओळ कोरी सोडली
आणि अगदी शेवटी, पूर्णविरामाला टेकून, गेहे.
जाते.

सरांनी लाल पेन बराच वेळ नुसता धरून ठेवला.
कूलरचं पाणी संपलं होतं, मोटर कोरडी फिरत होती.
मग समासात, ड्रॉइंगवर लिहितात तशा अक्षरात:
क्रियापदाची जागा बरोबर.
दोनपैकी एक.