बाटली क्रमांक नऊ

न्यूपोर्टच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा
समुद्रसिंह भांडत होते
एका ओल्या फळीवरच्या जागेसाठी,
जणू कुणीतरी आधीच रुमाल टाकून ठेवला होता.
मी हसले. पूल मागे पडला, धुकं आलं,
आणि अर्ध्या तासात
हसायला पोटात काही उरलं नाही.

लोरेननं आल्याची गोळी दिली. म्हणाली,
क्षितिजाकडे बघ, ते हलत नाही.
ते हलत होतं.

माझी पाळी रात्री बारा ते दुपारी बारा.
नावाला इंटर्न,
कामाला बाटल्या विसळणारी, लेबलं चिकटवणारी,
लोखंडी चौकटीतल्या बारा नळ्यांची झाकणं
ताणून आकड्यात अडकवणारी.
बोटं सांभाळ, सगळे सांगतात,
एकाचं गेलं होतं.
कुणाचं, ते कुणी सांगत नाही.

विंच कुरकुरते. चौकट काळ्या पाण्यात उतरते
आणि पडद्यावर तीन रेघा निघतात खाली,
ऊब, मीठ, प्राणवायू.
शंभर मीटर. चारशे. आठशे.
मी आकडे पुटपुटते.
शेजारचा टोबायस विचारतो, ही प्रार्थना आहे का?
नाही रे, सवय आहे.

अण्णा भूजल खात्यात होते, जालन्याला.
वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची फेरी,
सुट्टी असली की मी मोटरसायकलवर मागे.
पोलादी टेपला खडू फासायचा, वजन बांधायचं,
सोडायचा खाली.
खडू जिथं ओला, तिथं पाणी.
ते वाकून ओरडायचे, मी वहीत मांडायची:
अकरा सत्तर.
चौदा दहा.
एका मे महिन्यात, परतूरच्या पुढं,
वजन खटकन दगडावर टेकलं. टेप वर आला,
खडू जसाच्या तसा पांढरा.

शून्य लिहू का अण्णा?
नको.
शून्य म्हणजे काठोकाठ भरलेली.
कोरडी लिही. अक्षरात.

तिसऱ्या रात्री, किनाऱ्यापासून पंचवीस मैलांवर,
बाटली क्रमांक नऊ रिकामी वर आली.
खालचं झाकण उघडंच,
माझ्या हातानं अडकवलेली दोरी चुकीच्या आकड्यात.
तक्त्यात आठ भरलेलं, दहा भरलेलं,
मध्ये नऊचा चौकोन माझ्याकडे बघत.
आठ आणि दहाच्या मधला आकडा
मला तोंडपाठ आल्यासारखा सुचला.
कुणी तपासलं नसतं.
शून्य तर त्याहून सोपं होतं,
पण प्राणवायूच्या रकान्यात शून्य म्हणजे
तिथले खेकडे, मासे, किडे, सगळं
मी पेन्सिलीनं मारून टाकलं असतं.

रिकामी, मी लिहिलं. अक्षरात.
दोरी चुकीची बांधली. खाली माझं नाव.

लोरेननं तक्ता वाचला.
चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला.
कॉफी केलीय, म्हणाली.
पुढचं ठिकाण चाळीस मिनिटांवर.

उजाडलं असावं. धुक्यात कळत नाही,
राखाडीचा रंग थोडा पातळ होतो, एवढंच.
पुढच्या खेपेला मी नऊची दोरी
आधी बघितली, शेवटी बघितली,
मध्ये एकदा उगाच.
चौकट वर आली, ठिबकत.
तोटी उघडली. पाणी आलं,
सहा अंशांचं, बोटांची हाडं दुखवणारं,
माझ्या आयुष्यात ऊन न बघितलेलं.

नियम असा की मिठाच्या नमुन्याची बाटली
त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, ओतून द्यायची,
आणि मग भरायची.
एक. दोन.
तिसऱ्यांदा ओतताना
हात जरा थांबतो अजून.
अण्णांना फोनवर सगळं सांगितलंय,
हे सांगितलेलं नाही.